तारांची नोंद कोणी ठेवायची?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. न्हावा-शेवा, उलवे, जासई, उरण या पट्ट्यातील लोकांना आकाशात विमान पाहण्याची सवय होतीच; ते इतके खाली, घराच्या कौलांवरून गेल्यासारखे दिसू लागले, एवढाच काय तो फरक. विमानतळाचे स्वागत झाले, नामकरणाचा वाद झाला, प्रकल्पग्रस्तांच्या जुन्या मागण्यांची उजळणी झाली, आणि ते सर्व यथायोग्यच होते. मात्र एका गोष्टीची चर्चा जवळजवळ झालीच नाही. पहिले विमान उतरण्याच्या कित्येक वर्षे आधी सिडकोला पूर्वतयारीची जी कामे हाती घ्यावी लागली, त्यांत उलव्याची टेकडी कापणे व उलवे नदीचा प्रवाह वळविणे यांच्या जोडीला आणखी एक काम होते. त्या जागेवरून जाणाऱ्या अतिउच्चदाब वीजवाहिन्या तेथून हलवावयाच्या होत्या. टेकडी कापल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकली. तारा हलविल्याचे छायाचित्र छापण्यासारखे ते काय असणार!

वास्तविक विमानविद्येत तारेला मोठे स्थान आहे, आणि ते सुखावह नाही. मोठ्या प्रवासी विमानाला तारेचे भय सहसा नसते. त्याच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गातील अडथळे आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आधीच दूर केलेले असतात. मोठ्या धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत साधारणतः ४५ मीटरची मर्यादा आणि तिच्यापलीकडे हळूहळू चढत जाणारी मर्यादा, असा जणू एक अदृश्य वाडगाच हवेत मांडलेला असतो. त्या वाडग्यात मनोरा घुसवायचा तर परवानगी लागते. प्रश्न आहे तो लहान विमानांचा आणि हेलिकॉप्टरांचा. शिकाऊ वैमानिकाचे दोन आसनी विमान, पुढाऱ्याला सभेस नेणारे हेलिकॉप्टर, यात्रेकरूंना देवदर्शनास नेणारे हेलिकॉप्टर, पुरात अडकलेल्यांना उचलणारे हेलिकॉप्टर: ही सारी वाडग्याबाहेर उडतात आणि खालून उडतात.

महाराष्ट्राला या धोक्याची सर्वांत ठळक ओळख २५ मे २०१७ रोजी झाली. त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून उडालेले हेलिकॉप्टर काही क्षणांतच खाली आले, विजेच्या तारांत अडकले आणि कोसळले. मुख्यमंत्री व त्यांचे सहकारी सुदैवाने बचावले. वाऱ्याची गती अचानक बदलल्याचे कारण त्या वेळी सांगण्यात आले. ते खरेच असेल. शिवाय मे महिन्यातील तापलेली, विरळ हवा पंख्यांना पुरेशी उचल देत नाही, हेही पाठ्यपुस्तकी ज्ञान आहे. परंतु वारा बदलला आणि हवा विरळ होती, म्हणून यंत्र खाली येते. ते खाली आल्यावर तारेत अडकते ते तार तेथे असते म्हणून. या घटनेनंतर काही महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, मिरा-भाईंदर येथे मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरण्याच्या बेतात असताना तळाजवळ केबल आढळल्याने वैमानिकाने ते पुन्हा वर घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. राज्याच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीसाठी तळ तयार करताना ही स्थिती असेल, तर इतरांच्या बाबतीत काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

निलंग्याच्या महिनाभर आधी, २६ एप्रिल २०१७ रोजी, गोंदियाच्या बिरसी तळावरून उडालेले एक शिकाऊ विमान महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला लागून नदीत कोसळले. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघेही गेले. ती बातमी आठवड्याभरात विस्मृतीत गेली, कारण त्या विमानात मुख्यमंत्री नव्हते. ५ जानेवारी २०२३ च्या रात्री मध्य प्रदेशातील रीवा येथे शिकाऊ विमान मंदिराच्या शिखराला व विजेच्या तारांना धडकून प्रशिक्षक मृत्युमुखी पडला. २७ ऑगस्ट २०१९ रोजी अलीगढच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक लहान विमान तारांत अडकून कोसळले व पेटले. आतील सहाही जण वेळीच बाहेर पडले, हा निव्वळ योगायोग. डिसेंबर २०२५ मध्ये शिवनी जिल्ह्यात, म्हणजे नागपूरहून फार दूर नव्हे, पुन्हा एक शिकाऊ विमान ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीला धडकले. दोघे वैमानिक वाचले, आणि आसपासच्या गावांची वीज मात्र गेली.

हिमालयातील दोन उदाहरणे मुद्दाम सांगावयास हवीत. २१ ऑगस्ट २०१९ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात पूरग्रस्तांसाठी मदत पोहोचविणारे हेलिकॉप्टर मोलडी गावाजवळ तारेला लागून कोसळले आणि तिघांना मृत्यू आला. सफरचंदाच्या पेट्या दरीपलीकडे नेण्यासाठी त्या भागात असे तारदोर ठिकठिकाणी बांधलेले असतात. दुसरे उदाहरण ८ मे २०२५ चे, गंगोत्रीच्या वाटेवरील गंगनानीचे. अडचणीत सापडलेल्या वैमानिकाने महामार्गावर उतरण्याचा प्रयत्न केला. रस्त्याला समांतर गेलेल्या दूरसंचाराच्या केबलला पंखा लागला, असे विमान अपघात अन्वेषण विभागाच्या प्राथमिक अहवालात नमूद आहे. सातांपैकी सहा जण गेले, त्यांत मुंबईच्या प्रवासीही होत्या. सफरचंदाची तार आणि दूरसंचाराची तार, दोन्हींतून वीज वाहत नव्हती. तेव्हा हा प्रश्न केवळ वीजमंडळाच्या वारसदार कंपन्यांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

'वैमानिकाला एवढी तार दिसत कशी नाही?' असा प्रश्न सामान्य माणूस विचारतो. जमिनीवर उभे राहून वर पाहिले की तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ दिसते. विमानातून ती खाली, शेताच्या किंवा डोंगराच्या रंगावर पाहावी लागते. नवी असताना चकाकणारी ॲल्युमिनियमची तार काही वर्षांत राखाडी होते आणि दगडमातीत मिसळून जाते. एकट्या तारेवरून डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. मनोऱ्याच्या अगदी माथ्यावरून जाणारी, विजेपासून संरक्षण देणारी तार तर खालच्या तारांहून बारीक असते. म्हणजे वैमानिक खालच्या जाड तारा पाहून वर चढतो आणि वरच्या बारीक तारेत सापडतो. शिवाय उन्हात आणि भार वाढल्यावर तारांचा झोळ वाढतो, म्हणजे काल जेथे तार होती तेथे ती आज नेमकी नसते. म्हणूनच तारेऐवजी मनोरा शोधावा आणि तार ओलांडायची ती मनोऱ्याच्या डोक्यावरूनच, असे वैमानिकांना शिकविले जाते.

ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा यंत्रणेने २००१ ते २०१० या दशकातील तारांच्या धडकांचा अभ्यास केला. तेथे शेतीवर औषध फवारणारी विमाने फार, त्यामुळे अशा धडकाही फार. त्या अभ्यासातील सर्वांत बोलका निष्कर्ष असा की, निम्म्याहून कितीतरी अधिक वैमानिकांना ती तार तेथे आहे हे धडकेपूर्वी ठाऊक होते! फवारणीच्या नादात, उन्हाच्या तिरपेत, दुसऱ्याच अडथळ्याकडे लक्ष असताना ते विसरले. 'वैमानिकांनी काळजी घ्यावी' हे वाक्य लिहून फाइल बंद करणाऱ्यांनी हा निष्कर्ष टेबलाच्या काचेखाली ठेवावा. ज्याला माहीत होते तोही धडकतो, तर ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याची कथा काय?

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. रायगड जिल्हा हा भारतातील उच्चदाब तारांचा एक आद्य प्रदेश आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना तारांवरून गेली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. घाटाखाली पडणाऱ्या पाण्याने मुंबईचे माग चालले आणि कुलाबा जिल्ह्याच्या भातखाचरांवरून तारा गेल्या. स्वातंत्र्यानंतर उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र आले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन झाले. अजस्र याऱ्या आणि थंड ठेवावे लागणारे कंटेनर यांची विजेची भूक मोठी, तेव्हा आणखी वाहिन्या आल्या. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत उपनगरी रेल्वे धावू लागली, तिच्या २५ किलोव्होल्टच्या तारा आल्या. त्याच महिन्यात शिवडी-न्हावा-शेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच्या पायथ्याशी वसाहती उभ्या राहू लागल्या. वसाहतींना वीज हवी. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे या भूमीवर तारांचे थर चढत आले आहेत, आणि आज त्यांच्यावरून विमानतळाची वाहतूक, मांडवा-अलिबागच्या बंगल्यांकडे जाणारी खाजगी हेलिकॉप्टरे आणि निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरे उडत आहेत. ३ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या प्रचारात, महाड येथे एका पुढारी बाईंना नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळले. तेथे तारेचा संबंध नव्हता. परंतु घाईघाईने आखलेल्या तात्पुरत्या तळांवर किती भरवसा ठेवायचा, एवढे त्यावरून समजले.

अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न फार चांगला शिकविता येतो. पिगू यांच्या परंपरेत वाढलेला विद्यार्थी पटकन म्हणतो, तारेमुळे विमानाला हानी होते, म्हणून तारवाल्याने भरपाई द्यावी. १९६० मध्ये रोनाल्ड कोस यांनी या विचाराला जो धक्का दिला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. कोस विचारतील: हानी तारेने विमानाची केली की विमानाने तारेची? दोघांपैकी एकच नसता तर अपघात झालाच नसता. मग आधी कोण आले हे पाहायचे काय? खोपोलीच्या तारा १९१५ च्या, विमानतळ २०२५ चा. आधी येणाऱ्याचा हक्क मानला, तर सर्व खर्च विमानवाल्याचा. विमानतळाच्या हद्दीत नेमके तेच घडले. वाहिन्या हलविण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पडला आणि प्रश्न सुटला. कोस यांचा मुद्दा असा की, व्यवहाराचा खर्च नगण्य असेल आणि हक्क कोणाचा ते स्पष्ट असेल, तर दोन पक्ष आपसांत ठरवून घेतात. विमानतळ एक, वाहिनीचे मालक मोजके, जागा ठरलेली, करार झाला. हद्दीबाहेर मात्र विमान कोणते, केव्हा येणार, कोठून येणार हे कोणालाच ठाऊक नाही. करार कोणी कोणाशी करायचा? अशाच ठिकाणी शासनाने मध्ये पडायचे असते.

माझ्या वर्गात जासईकडचा एक विद्यार्थी आहे. हे विवेचन ऐकून तो म्हणाला, "सर, तार आधी की विमान आधी हे विचारता, तारेच्याही आधी आमचं शेत होतं, ते कोणी विचारत नाही." वर्ग हसला. मला मात्र त्याचे वाक्य कोस यांच्या निबंधाला जोडण्याच्या योग्यतेचे वाटले.

याचे कारण असे. या पट्ट्यातील जमिनीच्या मोबदल्याचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले. परंतु हा न्याय संपादित जमिनीचा. तारेखालची जमीन संपादित होतच नाही! १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार वापरून वाहिनी शेतावरून नेता येते, मालकी शेतकऱ्याचीच राहते, आणि नुकसानभरपाई मिळे ती बहुधा उभ्या पिकाची व तोडलेल्या झाडांची. तारेखाली घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही, जमिनीचा भाव पडतो; या साऱ्याची दखल केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली मार्गदर्शक तत्त्वे काढून प्रथम नीटपणे घेतली. जून २०२४ मध्ये ती सुधारून मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी मूल्याच्या २०० टक्के आणि तारेखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचविण्यात आला. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा कायदा आणि कालपरवाची मार्गदर्शक तत्त्वे यांच्या दरम्यान ज्यांच्या शेतावरून तारा गेल्या, त्यांनी तो तोटा निमूटपणे सोसला.

माझे म्हणणे असे की, वाहिनी आपल्याला जितक्या खर्चाची दिसते तितकीच तिची खरी किंमत नसते. तिच्या जमाखर्चात दोन देणी कित्येक वर्षे धरलीच गेली नाहीत. पहिले देणे खाली राबणाऱ्या शेतकऱ्याचे, दुसरे वरून जाणाऱ्या वैमानिकाचे. पहिले देणे आंदोलनामुळे, न्यायालयामुळे, मतपेटीमुळे थोडेथोडे वसूल होऊ लागले. दुसऱ्याला ना संघटना, ना मतदारसंघ. मेलेला वैमानिक निवेदन देत नाही आणि वाचलेला निवेदन द्यायला घाबरतो, कारण तो अद्याप परवान्याच्या परीक्षेला बसायचा असतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मी हलका मानीत नाही. ज्या जिल्ह्यात आदिवासी वाड्यांवर पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते, तेथे हेलिकॉप्टरमधून मांडव्याला जाणाऱ्या श्रीमंतांसाठी तारांना रंगीत गोळे कोणी आणि का बांधावेत? वीजदराचा बोजा आधीच असह्य. त्यात ही भर कशाला? प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर देणे भाग आहे.

तारेत अडकणारे सगळेच श्रीमंत नसतात. वैनगंगेत गेलेली विद्यार्थिनी शिकत होती. आज मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली लाखो रुपयांचे कर्ज काढून वैमानिक होऊ पाहतात, आणि शिकाऊ विमान हे स्वभावतःच खालून, वारंवार, चुका करीत उडणारे विमान असते. पण त्याहून महत्त्वाची बाब आपत्तीची आहे. रायगडकरांना ती समजावून सांगण्याची गरज नसावी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील पूल वाहून गेला आणि पुढील दिवसांत नदीच्या पात्रावरून हेलिकॉप्टरे शोध घेत फिरली. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा हवामानामुळे हेलिकॉप्टरांना तेथे पोहोचताच आले नाही. अशा वेळी ढग टेकडीच्या खांद्यापर्यंत उतरलेले असतात; वैमानिकाला ढगाखालून, नदीच्या पात्राचा आधार घेत, म्हणजे नेमके तारा जेथे दरी व नदी ओलांडतात तेथूनच जावे लागते. त्या क्षणी हेलिकॉप्टरची वाट पाहणारा माणूस छपरावर बसलेला असतो, आणि तो श्रीमंत नसतो. मोलडीचे हेलिकॉप्टर अशाच कामावर होते.

खर्चाचे म्हणाल तर सर्व तारा भूमिगत करा, अशी मागणी मी करीत नाही. अतिउच्चदाबाची वाहिनी जमिनीखालून नेण्याचा खर्च वरून नेण्याच्या कित्येक पट असतो आणि ती दुरुस्त करणेही जिकिरीचे. राजस्थान-कच्छमधील माळढोक पक्षी तारांना धडकून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये न्यायालयाला तो व्यवहार्यतेच्या कारणास्तव सैल करावा लागला. पण त्या निमित्ताने पक्ष्यांना तार दिसावी म्हणून चकत्या बसविण्याचा विषय देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला. माळढोकाविषयी मला आदरच आहे. तथापि जी चकती पक्ष्यासाठी सुचते, ती माणसासाठी सुचायला काय हरकत आहे, असे मनात येऊन जाते.

माणसांसाठीची चकती म्हणजे साठ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे नारिंगी, पांढरे वा लाल गोळे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत नदी, दरी व महामार्ग ओलांडणाऱ्या तारांसाठी ते सुचविलेले आहेत. लहान गोळे सुमारे तीस मीटर अंतरावर, मोठे चाळीस मीटरपर्यंत. गोळे बसविणे शक्य नसेल तेथे निदान मनोरे रंगवावेत. प्रत्येक शेतावरच्या प्रत्येक तारेला गोळे बांधण्याची आवश्यकता नाही. आपल्या जिल्ह्यात धरमतर, करंजा आणि पनवेलच्या खाड्या, अंबा, कुंडलिका व सावित्री यांची पात्रे आणि घाटातील मोजक्या दऱ्या, एवढी ठिकाणे आधी घेतली तरी मोठे काम होईल. वाहिनीच्या एकूण खर्चापुढे हा खर्च क्षुल्लक आहे. शिवाय आपल्या नियंत्रित दरपद्धतीत पारेषण कंपनीचा मान्य भांडवली खर्च दरातून वसूल होतच असतो, तेव्हा कंपनीला स्वतःच्या खिशाला चाट लागेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण पैशाची नसून कोणीतरी हा खर्च नियामक आयोगापुढे मागण्याची आहे. न मागितलेला खर्च आयोग मंजूर करीत नाही.

यात न्यायाचे वाटप असे करता येईल: यापुढे उभारल्या जाणाऱ्या वाहिनीवरील खुणा वाहिनीच्या खर्चात धराव्यात; जुन्या वाहिन्यांवरील खुणांचा खर्च मात्र खाजगी विमाने व हेलिकॉप्टरे यांच्याकडून उतरणावळीच्या रूपाने घेतलेल्या निधीतून करावा. म्हणजे वाडीवरच्या ग्राहकाने मांडव्याच्या पाहुण्याचे बिल भरले, असे होणार नाही. आधी कोण आले या प्रश्नाचेही त्यात थोडेफार उत्तर मिळते.

कायदा नाही असे नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. विमानतळाभोवतीच्या उंचीवरील निर्बंधांचे नियम २०१५ पासून आहेत. पण हे सर्व विमानतळाला केंद्र मानून आखलेले आहे. केंद्रापासून दूर गेले की निर्बंध विरळ होत जातात, आणि लहान विमाने नेमकी तेथेच उडतात. तात्पुरत्या तळाची स्थिती तर आणखी गंमतीची. शाळा-महाविद्यालयाचे क्रीडांगण निवडले जाते, सार्वजनिक बांधकाम खाते चुन्याने 'एच' आखते, पोलीस, अग्निशामक बंब, रुग्णवाहिका सारे हजर असतात. विद्यार्थ्यांचा तास बुडतो, तो वेगळाच. या साऱ्या लवाजम्यात महावितरणचा अभियंता क्वचितच दिसतो, आणि दिसला तर सभामंडपाच्या विजेची व्यवस्था पाहताना दिसतो. वास्तविक तळाभोवतीच्या तारांचा नकाशा त्याच्या सहीने वैमानिकाच्या हाती आधी पोहोचला पाहिजे, आणि नकाशावर केबलवाल्यांच्या व दूरसंचाराच्या तारांचाही समावेश हवा. गंगनानीची तार कोणत्याही वीज अभियंत्याच्या नकाशावर सापडली नसती.

मूळ गरज आहे ती नोंदवहीची. नॉर्वे हा देश डोंगर, खाड्या आणि तारा यांच्या बाबतीत कोकणाचाच थंड भाऊबंद म्हणावा. तेथे हवाई अडथळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. ठरावीक उंचीपलीकडे तार वा मनोरा उभारणाऱ्या मालकाने ती माहिती स्वतः कळवायची असते, आणि वैमानिकाला ती उपलब्ध असते. माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. एका वैमानिकाने ती वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही, आणि म्हणूनच ती गोळा करण्यात कोणाही एकाचा फायदा नसतो. आपल्याकडे टाटांना टाटांच्या तारा ठाऊक आहेत, महापारेषणला आपल्या, महावितरणला आपल्या, रेल्वेला आपल्या. सर्वांच्या तारा एका कागदावर कोणाकडेच नाहीत. उद्या शेतावर औषध फवारणारे ड्रोन गावोगावी येतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महिला बचत गटांसाठी पंधरा हजार ड्रोनची योजना मंजूर केली आहे. ते ड्रोन चालविणाऱ्या भगिनींनाही हाच कागद लागणार आहे.

तो तयार करण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावयास नको. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने २००५ पासून जिल्हा प्राधिकरण अस्तित्वात आहे, आणि संबंधित यंत्रणांकडून माहिती मागविण्याचा अधिकार त्याला आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक होते. नालेसफाई, दरडप्रवण गावे, होड्या, जीवरक्षक जाकिटे यांचा आढावा घेतला जातो. त्याच बैठकीस दोन्ही वीज कंपन्या, टाटा, रेल्वे, दूरसंचार कंपन्या, बंदर प्राधिकरण, सिडको आणि तटरक्षक दलाचे वैमानिक यांना बोलवावे, आणि खाड्या व नद्या ओलांडणाऱ्या तारांची यादी उंचीसह मागवावी. ही यादी संगणकावर चढविण्यास एखाद्या महाविद्यालयातील भूगोलाचे विद्यार्थी पुरेसे आहेत. आमच्याकडे ते आहेत आणि सुटीत त्यांना काम हवेच असते.